एकच रॉड घ्यायचा तर

रॉडच्या मुठीच्या जरा वर, बोटभर जागेत, बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. लांबी ७ फूट. ताकद मीडियम. ॲक्शन फास्ट. लाइन ६ ते १२ पौंड. ल्युअर १/८ ते ५/८ औंस. दुकानात गेलेला माणूस बहुधा आधी किंमत बघतो, मग कंपनीचं नाव, मग रॉड हवेत दोन-चार वेळा सपासप फिरवतो, आणि ही ओळ वाचायची राहून जाते. बाससाठी पहिला स्पिनिंग रॉड घेताना या ओळीतला एक आकडा मला बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा वाटतो: ल्युअरच्या, म्हणजे नकली आमिषाच्या, वजनाचा खालचा आकडा. तो १/८ औंस, म्हणजे साडेतीन ग्रॅम असेल, तर रॉड वर्षानुवर्षं हाताशी राहील. तोच ३/८ औंसापासून सुरू होत असेल, तर रॉड कितीही देखणा असला तरी पहिला म्हणून घेऊ नये. असं का, ते कळायला आधी मासा कळायला हवा.

बास मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडचा, गोड्या पाण्यातला. रॉड घेणाऱ्याच्या दृष्टीने त्याच्या दोन जाती महत्त्वाच्या. लार्जमाउथचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. तो पाणवनस्पतींत, बुडालेल्या झाडांत, लाकडी धक्क्यांच्या सावलीत राहतो. स्मॉलमाउथचा जबडा डोळ्याखालीच संपतो. त्याला थंड, नितळ पाणी आणि खडकाळ तळ आवडतो. सेंट लॉरेन्स नदी, मिशिगनजवळचं सेंट क्लेअर सरोवर ही त्याची नावाजलेली ठिकाणं. दोघेही दबा धरून शिकार करतात. आपल्याकडे तळ्यात मरळ पकडलेल्या माणसाला ही सवय ओळखीची वाटेल.

बास भक्ष्याला चावत नाही, गिळतो. तोंड एकदम उघडलं की पाणी आत खेचलं जातं आणि त्याबरोबर भक्ष्यही. चव किंवा स्पर्श संशयास्पद वाटला तर तितक्याच चटकन तो ते थुंकून टाकतो. या सगळ्यात माणसाच्या हाताला काय कळतं? एखादी बारीकशी 'टक्'. कधी तेवढंही नाही, नुसती लाइन एका बाजूला सरकायला लागते. तळ्यांवर सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, माशांनी मोठी, चकाकणारी, आवाज करणारी आमिषं पुष्कळ पाहिलेली असतात. अशा पाण्यात हलकी, संथ, बारीक आमिषं चालतात, आणि तीच फेकण्यासाठी स्पिनिंग रॉड आहे.

त्यामागे रिळाची रचना आहे. इंग्लंडमध्ये कापडधंद्यातल्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ मध्ये जागच्या जागी राहणाऱ्या स्पूलच्या, म्हणजे लाइन गुंडाळायच्या चकरीच्या, रिळाचं पेटंट घेतलं. गिरणीतल्या बॉबिनवरून सूत जसं टोकाकडून सुटत जातं, त्याच तत्त्वावर हे रीळ चालतं. आमिष फेकलं की स्पूल फिरत नाही, लाइन त्याच्या काठावरून वेटोळ्यांनी सुटत जाते. दुसऱ्या प्रकारच्या, बेटकास्टिंग रिळात मात्र आमिषाला स्पूल फिरवत न्यावा लागतो. आमिष हलकं असेल तर त्याच्यात तेवढा जोरच नसतो, आणि स्पूल आमिषापेक्षा वेगाने फिरला तर लाइनचं घरटं होतं. म्हणून जड आमिषं बेटकास्टिंगवर आणि हलकी स्पिनिंगवर, ही वाटणी अमेरिकेत पक्की झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समधली मिचेल नावाची रिळं तिथे पोचली, नायलॉनची लाइन, आपल्या किनाऱ्यावर जिला तंगूस म्हणतात, स्वस्त झाली आणि स्पिनिंग घरोघरी गेलं.

आता ती ओळ एकेका शब्दाने वाचू.

ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अल्ट्रालाइटपासून हेवीपर्यंत तिच्या पायऱ्या असतात. ॲक्शन म्हणजे तो कुठे वाकतो. फास्ट रॉड शेंड्याकडच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात वाकतो, मॉडरेट निम्म्यापर्यंत, स्लो जवळजवळ मुठीपर्यंत. या दोन गोष्टींची गल्लत सतत होते, विक्रेतेसुद्धा करतात. हलका रॉडही फास्ट असू शकतो आणि जड रॉडही स्लो असू शकतो.

अडचण अशी की 'मीडियम' म्हणजे नेमकं किती, याचं सगळ्या कंपन्यांना बांधणारं माप नाही. एकीचा मीडियम दुसरीच्या मीडियम-हेवीइतका कडक निघतो. यावर विल्यम हॅनेमन या रॉड बनवणाऱ्या शास्त्रज्ञाने एक उपाय काढला, तो मला फार आवडतो. रॉड मुठीकडून आडवा पक्का करायचा, शेंड्याला छोटी पिशवी टांगायची आणि तिच्यात एक-एक सेंटची अमेरिकन नाणी टाकत जायची. शेंडा रॉडच्या लांबीच्या एक-तृतीयांश इतका खाली आला की नाणी मोजायची. तो आकडा म्हणजे ताकद, आणि त्या क्षणी शेंड्याने केलेला कोन म्हणजे ॲक्शन. घरी रॉड बांधणारे हौशी लोक हे माप वापरतात, कंपन्या मात्र लेबलावर ते छापत नाहीत. म्हणून दुकानात 'मीडियम' या शब्दापेक्षा त्याच्या पुढच्या वजनाच्या आकड्यांवर भरवसा ठेवावा.

ते आकडे काय सांगतात? फेकताना रॉड स्प्रिंगचं काम करतो. आमिषाच्या वजनाने तो मागे वाकतो, मग सरळ होताना तेच वजन पुढे भिरकावतो. आमिष फारच हलकं असलं तर रॉड वाकतच नाही, माणूस खांद्याने जोर लावतो आणि आमिष दहा पावलांवर पडतं. फार जड असलं तर रॉड वाकलेलाच राहतो, सरळ व्हायला उशीर करतो, आणि वरून मोडण्याची भीती. अनुभव असा की दिलेल्या कक्षेच्या मधल्या भागात रॉड सर्वांत चांगला चालतो. १/८ ते ५/८ औंस लिहिलेला रॉड ३/१६ ते ३/८ औंसाला, म्हणजे साधारण ५ ते १० ग्रॅमला, खऱ्या अर्थाने खुलतो. बासची बहुतेक हलकी आमिषं नेमकी याच कक्षेत येतात.

उदाहरणच घ्यायचं तर वॅकी रिग. पाच इंची मऊ प्लॅस्टिकची, मीठ मिसळलेली, वजनाला सुमारे १० ग्रॅमची अळी. गळ तिच्या टोकाला न लावता बरोबर मधोमध लावायचा. वेगळं शिसं लावायचं नाही. धक्क्याच्या खांबाशेजारी अलगद टाकली की ती आडवी, दोन्ही टोकं थरथरवत खाली जाते. या वेळी लाइन अर्धवट सैल ठेवायची आणि नजर लाइन पाण्यात शिरते त्या जागेवर. अळी अजून तळाला पोचायची आहे आणि लाइन थांबली, किंवा हळूच डावीकडे निघाली, तर मासा आला आहे. झटका द्यायचा नाही. रॉडचा शेंडा खाली, दोन-तीन वेटोळी गुंडाळून ढील काढायची आणि रॉड बाजूला एकसारखा ओढायचा. गळ बारीक तारेचा असतो, जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. इथे रॉडचा शेंडा मऊ हवा, म्हणजे अळी फेकताना फाटत नाही. आणि कंबर कडक हवी, म्हणजे मासा खांबाभोवती फेरा घालायच्या आत त्याला वळवता येतं. मऊ शेंडा आणि कडक कंबर एका रॉडमध्ये देणारी गोष्ट म्हणजे मीडियम ताकद, फास्ट ॲक्शन.

याच रॉडवर नेड रिग चालतो. कॅन्ससचे मत्स्यलेखक नेड केडी यांच्या नावावरून तो ओळखला जातो: अळंबीच्या आकाराच्या शिशाच्या डोक्यावर अळीचा जेमतेम तीन इंची तुकडा, सगळं मिळून ७ ग्रॅमच्या आसपास. ड्रॉप शॉट चालतो, त्यात शिसं लाइनच्या टोकाला आणि गळ वीत-दीडवीत वर असतो. चार इंची मासोळीच्या आकाराची रबरी आमिषं चालतात, फिरत्या पात्याचा छोटा स्पिनर चालतो. तीन टोकी गळ असलेली लहान जर्कबेटही (झटके देत ओढायची नकली मासोळी) चालते, पण तिथे फास्ट रॉड किंचित कडक पडतो आणि मासा कधी गळ सोडवून जातो. त्या कामाला मॉडरेट-फास्ट बरा. तरी या एका रॉडवर वसंतापासून पानगळीपर्यंत मासे मिळत राहतात.

जे चालत नाही, तेही स्पष्ट सांगायला हवं. पाण्यावर जाड गालिच्यासारख्या पसरलेल्या वनस्पतींवरून रबरी बेडूक ओढणं, दाट झुडपात अर्ध्या औंसाचा जिग, म्हणजे शिशाच्या डोक्याचा गळ, सोडून मासा तिथून उपसून काढणं, खोल जाणारी मोठी क्रँकबेट दिवसभर ओढणं ही या रॉडची कामं नव्हेत. त्यासाठी मीडियम-हेवी किंवा हेवी बेटकास्टिंग रॉड आणि जाड लाइन लागते. दुकानदार सुचवतात, 'मीडियम-हेवी स्पिनिंग घ्या, दोन्ही होईल.' माझा या सल्ल्याला सरळ विरोध आहे. असा रॉड जड कामात बेटकास्टिंगची बरोबरी करत नाही आणि हलक्या कामात शेंडा मुका राहतो. अष्टपैलूपणा वरच्या टोकाला ताणून मिळत नाही, खालच्या टोकाला हलका ठेवून मिळतो.

'पण मोठा मासा लागला तर?' हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. लार्जमाउथचा गाजलेला विक्रम जॉर्ज पेरी यांचा, २ जून १९३२, जॉर्जिया राज्यातलं माँटगोमेरी लेक: २२ पौंड ४ औंस, म्हणजे १० किलोच्या जरा वर. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिता यांनी त्यापेक्षा जेमतेम एका औंसाने जड मासा पकडला. नियमाप्रमाणे जुना विक्रम मोडायला निदान दोन औंस जास्त लागतात, त्यामुळे दोघांचा विक्रम बरोबरीचा ठरला. रोजच्या पाण्यातला बास मात्र एक ते तीन पौंडांचा असतो, पाच पौंडांचा मिळाला तर फोटो काढून गावी पाठवतात. शिवाय मोठ्या माशाला दमवण्याचं काम रिळाचा ड्रॅग, म्हणजे लाइन किती ताणावर सुटावी हे ठरवणारा ब्रेक, करतो. लाइन ८ पौंडांची असेल तर ड्रॅग दोन-अडीच पौंडांवर सुटेल असा लावायचा. मासा धावला की लाइन सुटत जाते, रॉडचा बाक ताण सांभाळतो, आणि उघड्या पाण्यात या जोडीवर बराच मोठा मासा सुखरूप काठाला येतो.

लांबीबद्दल फार चर्चा नको. बोटीतून किंवा मोकळ्या काठावरून ७ फूट उत्तम. लांब रॉडने आमिष दूर जातं आणि एका ओढीत जास्त ढील निघते. काठावर डोक्यावर फांद्या असतील, कयाकमध्ये बसून मासेमारी करणार असाल किंवा उंची कमी असेल, तर साडेसहा फूट. फक्त स्मॉलमाउथच्या नितळ, उघड्या पाण्यात जाणार असाल तर ताकद मीडियमऐवजी मीडियम-लाइट घ्या. वनस्पती आणि लाकूड असलेल्या पाण्यात मीडियमच.

रॉड कशाचा बनला आहे हे मात्र नीट बघावं. आधी बांबूचे रॉड होते, १९४० च्या दशकात काचतंतूंचे आले, आणि १९७३ मध्ये फेनविक कंपनीने ग्रॅफाइटचा, म्हणजे कार्बनतंतूंचा रॉड बाजारात आणला. ग्रॅफाइट हलकं आणि ताठ, त्यामुळे पाण्याखालची 'टक्' मुठीपर्यंत पोचते. आता जाहिरातींत ३० टन, ४० टन, आयएम-६, आयएम-७ असे शब्द दिसतात. आयएम-६ वगैरे मूळची तंतूंची व्यापारी नावं आहेत, दर्जाची हमी नव्हे. जास्त ताठ तंतू म्हणजे कमी वजन आणि पातळ भिंत. संवेदना वाढते आणि ठोकर सोसण्याची ताकद घटते. शिशाचं डोकं फेकताना एकदा रॉडवर आपटलं, तर तिथे न दिसणारी इजा राहते आणि महिन्याभराने साध्या माशावर रॉड तिथेच मोडतो. पहिल्या रॉडसाठी मधल्या दर्जाचं ग्रॅफाइट, किंवा ग्रॅफाइट आणि काच यांचं मिश्रण, हेच शहाणपणाचं. शेक्सपिअर कंपनीचा अग्ली स्टिक १९७६ पासून याच मिश्रणावर टिकून आहे. जड आहे, थोडा बोथटही, पण मुलांच्या हातात द्यायला त्याच्याइतका दणकट रॉड क्वचित सापडेल.

दुकानात जाताना आपलं रीळ बरोबर न्यावं, किंवा तिथलं मागून घ्यावं. २५०० किंवा ३००० मापाचं रीळ या रॉडला जुळतं. रीळ बसवून रॉड मुठीपुढे एका बोटावर तोलायचा. शेंडा खाली झुकत असेल तर दिवसअखेर मनगट दुखणार. रॉडच्या एकट्याच्या वजनापेक्षा हा तोल महत्त्वाचा. मग रिळाची दांडी, म्हणजे रॉडला जोडणारा त्याचा पाय, मधल्या दोन बोटांमध्ये धरून तर्जनी लाइनपर्यंत सहज पोचते का ते बघायचं. फेकताना लाइन त्याच बोटाने सोडायची असते. नंतर कड्या. रिळाजवळची पहिली कडी मोठी आणि उंच हवी, कारण स्पूलवरून सुटणारी वेटोळी तिने आवरायची असतात. प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवावा. तंतू अडकला तर कडीला चीर आहे, आणि ती चीर लाइन कापेल. शेवटी रॉड डोळ्यांसमोर धरून कड्या एका रेषेत आहेत का ते बघावं. मूठ कॉर्कची असो की फोमची, फरक आवडीचा आहे. ओल्या हाताला मला कॉर्क बरा वाटतो.

लाइनसाठी आज सर्वांत सोयीची जोडी म्हणजे स्पूलवर १० किंवा १५ पौंडांची विणीची लाइन, जिला ब्रेड म्हणतात, आणि पुढे वाव-दीड वाव ८ किंवा १० पौंडांचं फ्लुरोकार्बन. ब्रेड ताणली जात नाही, त्यामुळे रॉडची संवेदना वाया जात नाही. फ्लुरोकार्बन पाण्यात कमी दिसतं आणि खडकावर घासलं तरी टिकतं. दोन्ही जोडायला डबल युनी गाठ शिकावी, घट्ट करण्याआधी ती ओली करावी. आमिष पाण्यात पडलं की रिळाची तारेची कमान हाताने बंद करावी, दांडा फिरवून नव्हे. एवढ्या एका सवयीने लाइनला पीळ पडणं बरंच कमी होतं.

किमतीचं गणित सोपं आहे. अमेरिकेत पन्नास डॉलरच्या आसपास कामाचा रॉड मिळतो. शंभर ते दीडशेत संवेदना आणि वजन यांत पहिला जाणवणारा फरक पडतो, आणि पहिल्या खरेदीला तिथेच थांबावं. त्यापुढे पैसे जितके वाढतात तितका फरक वाढत नाही. या किमतीत एक कर आधीच आलेला असतो. रॉड आणि रिळांवर बनवणाऱ्यांकडून १० टक्के कर घेतला जातो. रॉडवर तो जास्तीत जास्त १० डॉलर. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने हा पैसा राज्यांच्या मत्स्यविभागांकडे जातो आणि त्यातून माशांची निगराणी, बीजसंवर्धन, बोटी उतरवायचे धक्के अशी कामं होतात. रॉड घेणारा प्रत्येक जण तळ्याच्या देखभालीला हातभार लावतो, ही व्यवस्था मला मनापासून अनुकरणीय वाटते. राज्याचा परवाना वेगळा काढावा लागतो, आणि तो खिशात असल्याशिवाय पाण्याशी जाऊ नये.

न्यू जर्सीत लेक होपॅटकाँगच्या काठी किंवा डॅलसपासून पूर्वेला लेक फोर्ककडे मुलांना घेऊन जाणारी मराठी कुटुंबं आता काही कमी नाहीत. त्यांच्याकडून हमखास येणारा प्रश्न: हाच रॉड सुट्टीत कोकणात नेऊन खाडीत गरवता येईल का? बारीक माशांना येईल. जिताडा किंवा तांबोशीसाठी नको. तिथे आमिषं वीस-तीस ग्रॅमची, खडक आणि खारफुटीची मुळं जवळ, आणि मासा या रॉडला न झेपणारा. त्यासाठी वेगळा, जास्त ताकदीचा रॉड घ्यावा. तरी न्यायचाच असेल तर दोन तुकड्यांचा घ्या. पूर्वी सांध्यामुळे रॉड बोथट होतो म्हणत, पण आता सांधे इतके चांगले बनतात की नवशिक्याच्या हाताला फरक कळणार नाही. खाऱ्या पाण्यातून आल्यावर रॉड आणि रीळ गोड्या पाण्याने धुवायचं.

रॉड मोडतो तो क्वचितच माशामुळे. गाडीच्या दारात सापडतो, छताच्या पंख्यात जातो, किंवा मासा पायाशी आल्यावर रॉड सरळ आभाळाकडे उभा धरला जातो आणि सगळा ताण शेंड्याच्या वीतभर भागावर येतो. मासा जवळ आला की रॉड तिरपा ठेवायचा, दुसऱ्या हाताने माशाचा खालचा जबडा अंगठा आणि तर्जनीत धरून त्याला उचलायचं. बासचे दात बारीक कानशीसारखे असतात, अंगठा थोडा खरवडतो, इतकंच. मोठा मासा एका हाताने आडवा लोंबकळू देऊ नये, पोटाखाली दुसरा हात द्यावा. आणि विजेच्या तारांखाली किंवा गडगडाट सुरू असताना ग्रॅफाइटचा रॉड उभा करू नये. कार्बनमधून वीज वाहते, आणि ही सूचना बहुतेक रॉडवर त्याच बारीक अक्षरांत छापलेली असते.